पाण्याच्या दुसऱ्या सालचं वय

आमच्या घरात कुणालाच स्वतःचं वय आकड्यात माहीत नव्हतं. ते धरणापासून मोजलं जाई. वलवणच्या धरणात पहिल्यांदा पाणी भरलं ते ‘पाण्याचं साल’. बाकी सगळं त्याच्या आधी किंवा नंतर. आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं लग्न पाण्याच्या सहा वर्षं आधी झालं, पांढरा बैल पाण्यानंतर चौथ्या साली गेला, आणि मी पाण्याच्या दुसऱ्या सालचा. शाळेत नाव घालताना हे ऐकून गुरुजींनी कपाळाला हात लावला आणि माझ्या उंचीकडे बघून एक तारीख ठोकून दिली. त्या तारखेच्या जिवावर मी पुढे व्हर्नाक्युलर फायनल झालो, लोणावळ्यात मास्तरकी करू लागलो, पण घरात मी पाण्याच्या दुसऱ्या सालचाच राहिलो.

माझ्याआधी एक बहीण होती. चार वर्षांची होऊन ती पाण्याच्याच साली तापाने गेली. मी तिला पाहिलेलं नाही. घरात तिचं नाव कुणी घेत नसे. ‘थोरली’ एवढंच म्हणत, आणि तेही क्वचित.

आमचं जुनं घर आणि भाताची खाचरं त्या पाण्याखाली गेली. आबांनी कुरवंड्याला नवं घर बांधलं, डोंगरउताराची थोडी जमीन करू लागले आणि उरलेले दिवस धरणावरच कामाला जाऊ लागले. भिंतीवरचं गवत काढायचं, पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलं ते बघून कचेरीत सांगायचं, असलं काम. ‘आबा आपल्याच शेतावर किती पाणी आहे ते मोजून येतात,’ असं मी एकदा थट्टेने म्हणालो होतो. आई हसली. आबा हसले नाहीत.

ही हकिगत मी मास्तर होऊन तीनेक वर्षं झाली होती तेव्हाची आहे. त्या थंडीत आईचे पाय सुजायला लागले. विहिरीवरून येताना ती दोनदा वाटेत बसायची. मी आणि आबांनी तिला बैलगाडीत घालून लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं, तिला बाहेर बसायला सांगितलं आणि आम्हाला म्हणाले, ‘काळीज थकलंय. चढ चढू देऊ नका, मीठ बंद करा. औषधाने बरे दिवस जातील, पण पहिल्यासारख्या काही त्या व्हायच्या नाहीत.’

गाडी हाकताना आबा तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. ‘पयल्यासारखी न्हाई व्हायची. आसं कसं म्हनतो त्यो?’ आई मागे घोंगडीवर पडून ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘आवं, बैलाकडं बगा.’

आबांचं मन जरा रमावं म्हणून पुढच्या रविवारी मी त्यांना बोलपटाला नेलं. बाजाराच्या पलीकडे पत्र्याचं थेटर होतं, तिथे दुपारचा खेळ असायचा. आईला तेवढं चालवत नव्हतं, म्हणून ती घरी राहिली. आबांचा तो पहिलाच बोलपट. गोष्ट मोठी गमतीची होती. एक विसरभोळा प्रोफेसर, त्याच्या बंगल्यात काचेची मोठी पेटी, पेटीला वायरींची भेंडोळी. एक म्हातारा आणि म्हातारी कुरकुरत त्या पेटीत शिरतात, प्रोफेसर खटका ओढतो, ठिणग्या उडतात आणि दोघं बाहेर येतात ती पंचविशीची. मग नातवंडं त्यांना ओळखत नाहीत, शेजारी संशय घेतात, तरणा झालेला म्हातारा आपल्याच बायकोला नव्याने मागणी घालतो, आणि शेवटी सगळे बागेत गाणं म्हणतात. त्यात कुणी मरत नाही की रडत नाही. थेटर नुसतं खिदळत होतं. आबा मात्र गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले होते. ते त्या खटक्याकडे बघत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, ‘ती पेटी कशावर चालती?’

‘विजेवर,’ मी म्हणालो.

‘आन् ईज कुटनं येती?’

इथे मी सांगायला हवं होतं की आबा, हे नाटक आहे, ती पेटी रिकामी आहे, म्हातारा आणि तरणा एकाच नटाने केलाय. पण मास्तर माणसाला कुणी प्रश्न विचारला की त्याच्या जिभेला खाज सुटते. मी स्टेशनापर्यंत त्यांना धडाच दिला. आपल्या धरणांचं पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला कसं सोडतात, तिथे चाकं कशी फिरतात, त्याची वीज तारेवरून मुंबईला कशी जाते, सगळं. आणि वर भाव खाऊन म्हणालो, ‘म्हणजे तुम्ही रोज ज्या पाण्याची खूण बघता ना, त्याचीच ही करामत.’

आबा उभे राहिले. घाटातून एक गाडी वर येऊन स्टेशनात शिरत होती. तिला विजेचं इंजिन होतं. ती इंजिनं येऊन आता बरीच वर्षं झाली होती, तरी आबा दरवेळी थांबून बघत.

‘धूर न्हाई, कोळसा न्हाई, आन् गाडी घाट चढती,’ ते म्हणाले. ‘येवढी गाडी वर वडून आनती ती पावर, तिला येक बाई मागं वडायला काय जड हाय?’

तेव्हा मी सांगितलं, सगळं खोटं असतं म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘बिनधुराची गाडी चालंल, ह्येबी लोक खोटंच म्हनत व्हते,’ एवढंच बोलले. मी हसलो. आपला बाप किती भोळा आहे, याची मला गंमत वाटली. ती लपवण्यात आता अर्थ नाही.

त्या दिवसापासून आबा रोज दिवेलागणीला आईला तो बोलपट करून दाखवू लागले. कणगीच्या आडोशाला जायचं, ती पेटी. आत जाताना पाठीत वाकून खोकायचं. मग तोंडाने चर्र-चर्र आवाज काढायचा आणि मिशीवर ताव देत ताठ बाहेर यायचं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कमरेला पंचा, आणि बागेतलं ते गाणं त्याला धड येत नसे. आई हसून हसून दमायची आणि छातीवर हात धरायची. ‘पुरं करा, जीव जाईल माजा,’ म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारायची, ‘आज पेटी न्हाई व्हय?’

आबांनी धरणावर ऐकून घरी आणलेला ‘पावर’ हा शब्द आईला फार आवडला. तिने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता. देव पावतो, तशी ही पावर, म्हणजे पावणारी. मी म्हणालो, ‘आई, तो इंग्रजी शब्द आहे. त्याचा आणि पावण्याचा काही संबंध नाही.’ ती म्हणाली, ‘मंग इंग्रजांत काय कुनाला काय पावत न्हाई का?’ मी वैतागून वह्या तपासायला बसलो.

पाडवा झाला आणि आबांनी अर्जाचा विषय काढला. कचेरीत काही मागायचं तर अर्ज लागतो, हे त्यांना धरणावर राहून पक्कं ठाऊक झालं होतं. मी आधी टाळलं, मग रागावलो. एक दिवस आईच म्हणाली, ‘लिव की. लिवायला काय जातंय तुजं?’ म्हणून रविवारी सकाळी मी दौत-टाक घेऊन ओसरीवर बसलो. आबा समोर उकिडवे बसले. आई दारात तांदूळ निवडत होती.

‘लिव,’ आबा म्हणाले, ‘आमची खाचरं ह्याच पान्याखाली हायती, म्हनून पयला मान आमचा. दुसरं कायबी मागनं न्हाई. कारभारनीला येकदा पेटीत बशिवावं.’

गावात पालखीला कुणाचा खांदा आधी, होळीला कुणाची पोळी आधी, हे मान ठरलेले असतात. आबांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. ज्याचं रान पाण्यात, त्याला त्या पाण्याचा पहिला मान. मी लिहीत गेलो.

‘वय कुठपर्यंत मागं न्यायचं ते लिहायला हवं,’ मी म्हणालो. हे मी चेष्टेने म्हणालो होतो. पण दोघांनी ते खरंच धरलं. मग आबा म्हणाले, ‘पान्याच्या आदल्या सालची लिव. रान व्हतं, घर व्हतं.’ आणि पुढे म्हणाले, ‘थोरली व्हती.’

आईचा हात सुपात थांबला. तिने वर पाहिलं नाही.

‘व्हय, थोरली व्हती,’ ती म्हणाली. मग एक खडा वेचून टाकत म्हणाली, ‘पर ह्यो नव्हता.’

‘आगं, पर थोरली…’

‘दुसऱ्या सालची लिव,’ ती मला म्हणाली. ‘तू झाल्यावरची. त्येच्या मागं नगं.’

आबांनी तिच्याकडे बघितलं. मी खाली मान घालून लिहिलं, ‘पाण्याच्या दुसऱ्या सालापर्यंत, त्यापूर्वी नको.’ एका बाईने आपली मेलेली पोर परत मिळत असताना ती सोडली होती, आणि ते माझ्यासाठी. तिच्या लेखी ती पोर खरोखरच परत मिळत होती. हे मला तिथे बसल्याबसल्या कळत होतं. आबांनी अंगठा उठवला. ‘तू शिकलेला हायेस, तुज्या हातून गेलेला बरा,’ म्हणून अर्ज माझ्याकडेच दिला.

कचेरी माझ्या शाळेच्या वाटेवरच होती. तिथल्या कारकुनांची मुलं माझ्या वर्गात होती. त्यातला एक कारकून संध्याकाळी स्टेशनावर फिरायला भेटायचा, आम्ही वर्तमानपत्रावर वाद घालायचो. मी कचेरीच्या फाटकापर्यंत गेलो. आत कुणीतरी मोठ्याने हसलं, कशाला ते देव जाणे. ‘मास्तरांच्या मातोश्रींना तरुण करायचंय’ हे उद्या सगळ्या लोणावळ्यात कसं फिरेल, ते माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी शेपूट घालून तिथून निघालो. अर्ज वर्गाच्या कपाटात, मुलांच्या जुन्या चित्रांच्या कागदांखाली ठेवला.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, ‘दिला?’

‘दिला,’ मी म्हणालो.

ते स्वतः रोज धरणावर जात. तिथे सहज विचारतील आणि मी तोंडघशी पडेन, या भीतीने मी आणखी एक खोटं सांगितलं. ‘आबा, तिथे विचारू नका हं. विचारलं की साहेब लोक चिडतात आणि अर्ज खाली घालतात.’ आबांनी मान हलवली. त्यांनी कधीच विचारलं नाही.

मला वाटलं होतं, महिना-दोन महिने जातील आणि विसरतील. ती दोघं विसरली नाहीत. आईची बहीण मळवलीला दिली होती. दोघींचा एकमेकींवर भारी जीव. चैत्र सरता सरता आईने ‘चार दिस जाऊन येते’ म्हणून धोशा लावला. आबा म्हणाले, ‘जाशील गं. पर आपून तिकडं आन् हितं बोलावनं आलं तर? मान दुसऱ्याला जायाचा.’ वैशाखात मावशीने स्वतःच दोनदा निरोप धाडला की गाडी पाठवते. आता आईच म्हणाली, ‘तरनी हून जाते की. वळकायची न्हाई मला.’ आणि पदर तोंडाला लावून हसली. मी तिथेच बसलो होतो. तोंड उघडायला त्याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी उघडलं नाही.

तोवर मी समजत होतो की ती आबांचं मन राखते आहे. आषाढात तिच्या अंगावर सूज चढली आणि चोळ्या घट्ट झाल्या. शेजारची म्हातारी दोन्ही चोळ्या उसवून बाह्या मोकळ्या करायला घेऊन बसली होती. आईने एकच उसवू दिली. दुसरी हातातून काढून घेतली आणि घडी करून ठेवली. ‘ही ऱ्हाऊ दे, लागंल,’ म्हणाली. त्या दिवशी मला कळलं की ती खरोखर वाट बघते आहे. मी शाळेत गेलो, कपाट उघडलं, अर्ज काढला, वाचला, आणि परत ठेवला. आता देऊन इतक्या महिन्यांचं काय सांगायचं, असा विचार मी केला. एकदा भिऊन गप्प बसलं की पुढचं गप्प बसणं सोपं जातं.

भादव्यात, भात पोटरीला येऊन लोंब्या धरू लागलं तेव्हा आई गेली. सकाळची वेळ होती. चुलीपुढे बसून तिने भाकरी तव्यावर टाकली, भिंतीला टेकली आणि भाकरी उलटायला तिचा हात उठलाच नाही. आबा धरणावर निघाले होते. करपल्याचा वास आला म्हणून ते मागे वळले.

मळवलीची मावशी आली ती अंगणातच बसली. तिला रडू येत नव्हतं, रागच येत होता. ‘दोनदा गाडी धाडती म्हनले,’ ती सारखी म्हणत होती. ‘हितून मळवली ती किती लांब? कशाची वाट बगत व्हती ती?’ आबांनी मान खाली घातली.

तेरावा झाल्यावर दोन-चार दिवसांनी आबांनी मला ओसरीवर बोलावलं. म्हणाले, ‘येक कागुद लिव.’ मी बसलो. ते सावकाश, एकेक शब्द तोलून सांगू लागले. ‘आमचा आर्ज जिच्यासाटी व्हता ती बाई वारली. तिच्या नावची पावर ठिवली आसंल तर आता आडवून ठिवू नगा. तिच्या मागं कुनाचा नंबर आसंल त्येला द्या. उगा तुमचा खोळंबा झाला, त्येची माफी करा.’

मी काना-मात्रा न बदलता लिहिलं. माझे अश्रू त्यावर पडू नयेत म्हणून मी कागद बाजूला धरून लिहीत होतो. आबांनी अंगठा दिला. हा कागद मात्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी तडक कचेरीत नेला आणि त्याच, स्टेशनावर भेटणाऱ्या कारकुनाच्या हातात दिला. मला वाटलं, हसेल तर हसो. त्याने उभ्याउभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. तो हसला नाही. शेजारच्याने वाचलं, तोही हसला नाही. ज्या हसण्याला भिऊन मी हे सगळं केलं, ते त्या खोलीत नव्हतंच.

‘आधीचा अर्ज कधीचा?’ त्याने विचारलं आणि बारनिशी, म्हणजे आलेल्या कागदांची नोंदवही उघडली. तो पानं उलटत राहिला, मी उठून आलो.

पंधरा दिवसांनी टपालाने उत्तर आलं. मी शाळेत होतो. टपालवाल्याने ते आबांच्या हातात दिलं. संध्याकाळी मी घरी पोचलो तर आबा ओसरीवर बसले होते आणि पाकीट न फोडता त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. ‘वाच,’ म्हणाले.

मी पाकीट फोडलं. चार ओळी होत्या, सुवाच्य मराठीत. आपल्या पत्नीच्या निधनाचे वृत्त कळून वाईट वाटले. आपण लिहिता तो पूर्वीचा अर्ज आमच्या दप्तरी आलेला दिसत नाही. आला असता तर आपल्यासारख्या जुन्या माणसास भेटीस बोलावून, त्यातील गैरसमज समक्ष दूर केला असता.

एवढे महिने मी या माणसाला खोट्यात ठेवलं होतं. तेव्हाही काहीतरी गोड रचून वाचता आलं असतं. पण त्या पाकिटावरचे त्यांच्या घामाचे डाग बघून माझी जीभ वळली नाही. मी होतं तसं वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत.

शेतातून पाखरं हाकल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि घडीवर घडी घालत त्याची पार लहान घडी केली. मी म्हणणार होतो की आबा, माझं चुकलं. निदान ते रागावले असते तर मला बोलता आलं असतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

‘तुला लाज वाटत व्हती तर मला द्यायचास रं,’ ते म्हणाले. ‘मी रोज तितंच जात व्हतो.’